आययूडी आणि इम्प्लांटचा क्लेम: कोड लावण्याआधी खोक्यावरचं लेबल वाचा

अमेरिकेतल्या स्त्रीरोग क्लिनिकचं बिलिंग करताना आययूडी (गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन) किंवा इम्प्लांट (दंडात बसवायचं) बसवल्याचा क्लेम, म्हणजे विमा कंपनीकडे पाठवलेली पैशांची मागणी, वरवर अगदी किरकोळ वाटतो. एक प्रक्रिया, एक साधन, एक निदान, झाला क्लेम. तरीही डिनायलच्या, म्हणजे नाकारलेल्या क्लेमच्या, यादीत हे क्लेम पुन्हा पुन्हा डोकं वर काढतात, आणि त्यांचा फटका मोठा बसतो. यातली मोठी रक्कम डॉक्टरांच्या दहा मिनिटांच्या कामाची नसते, साधनाची असते. ते साधन क्लिनिकने बहुतेक वेळा आधीच पैसे मोजून आणलेलं असतं. प्रक्रियेची ओळ नाकारली गेली तर फी बुडते, पण साधनाची ओळ नाकारली गेली तर पदरचे पैसे जातात.

म्हणून या क्लेमचा पहिला प्रश्न कोडचा नाहीच. पहिला प्रश्न हा: साधन विकत कोणी घेतलं?

साधन कुठून आलं

क्लिनिकने स्वतःच्या पैशाने साधन आणून साठ्यातलं वापरलं असेल, तर प्रक्रियेचा सीपीटी कोड (वैद्यकीय कामाचा पाच अंकी कोड) आणि साधनाचा जे-कोड ('जे'ने सुरू होणारा, साधनाच्या पैशांचा कोड) दोन्ही बिल करायचे. स्पेशालिटी फार्मसीने पेशंटच्या नावावर साधन पाठवलं असेल, तर फार्मसीने विमा कंपनीकडून आधीच पैसे घेतलेले असतात. इथे फक्त प्रक्रिया बिल करायची. जे-कोड लावला तर ते दुहेरी बिलिंग ठरतं आणि ऑडिटमध्ये पैसे परत द्यावे लागतात. उत्पादक कंपनीच्या मदत योजनेतून फुकट मिळालेल्या साधनालाही हाच नियम.

तिसरा प्रकार ३४०बी योजनेचा. त्यात पात्र क्लिनिकना साधन सवलतीत मिळतं. अशा वेळी काही राज्यांचं मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी विमा) जे-कोडवर यूडी मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरी किंवा दोन अंकी खूण) मागतं आणि नेहमीच्या दराऐवजी प्रत्यक्ष खरेदीची किंमत लिहायला सांगतं. राज्याचं प्रोव्हायडर मॅन्युअल वाचल्याशिवाय या ओळीला हात लावू नका.

ही माहिती बहुधा डॉक्टरांच्या नोटमध्ये नसते, साठ्याच्या वहीत असते. त्या वहीत प्रत्येक साधनासमोर लॉट नंबर, मुदत, एनडीसी (औषधाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि ते कुठून आलं हे चार रकाने नसतील, तर आधी वही सुधारा.

अपॉइंटमेंटच्या आधीचा फोन

अफोर्डेबल केअर अॅक्ट या आरोग्यविमा कायद्याखाली, १ ऑगस्ट २०१२ नंतर सुरू झालेल्या प्लॅन-वर्षांपासून बहुतेक खासगी प्लॅनना एफडीएमान्य गर्भनिरोधक पद्धती पेशंटकडून पैसे न घेता द्याव्या लागतात. साधन, बसवणं, काढणं, समुपदेशन आणि नंतरची तपासणी हे सगळं त्यात येतं. अपवादही आहेत. जुने 'ग्रँडफादर्ड' प्लॅन (कायद्याआधीपासून चालू असलेले) यातून सुटतात, आणि धार्मिक कारणाने सूट घेतलेले मालकही. २०१४च्या हॉबी लॉबी खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ही सूट काही खासगी कंपन्यांपर्यंत पोचली. त्यामुळे विमा आहे म्हणजे कव्हरेज असणारच, असं गृहीत धरू नका.

फोनवर नेमकं विचारायचं ते असं. साधन मेडिकल बेनिफिटमध्ये आहे की फार्मसी बेनिफिटमध्ये? क्लिनिकने विकत घेऊन बिल केलेलं चालतं, की ठरावीक स्पेशालिटी फार्मसीकडूनच मागवावं लागतं? या जे-कोडला प्रायर ऑथोरायझेशन (आधी घ्यायची मंजुरी) लागतं का? प्लॅन गर्भनिरोधनातून सूट घेतलेला आहे का? किती वर्षांत एक, अशी मर्यादा आहे का? प्रश्न विचारताना जे-कोड आणि ५८३०० (आययूडी बसवणं) किंवा ११९८१ (इम्प्लांट बसवणं) हे आकडे नावानिशी सांगा. नुसतं 'बर्थ कंट्रोल कव्हर आहे का' विचारलं तर गोळ्यांबद्दलचं उत्तर मिळतं आणि तुम्ही निर्धास्त होता. कॉलचा संदर्भ क्रमांक, तारीख आणि वेळ खात्यावर लिहून ठेवा. अपीलाच्या वेळी हीच नोंद कामाला येते.

साधनाचे कोड

मराठीत सगळ्यालाच सरसकट तांबी म्हणायची सवय आहे. कोडिंगमध्ये ती महागात पडते, कारण तांब्याच्या आणि हार्मोनच्या साधनांचे कोड वेगळे आहेत आणि हार्मोनच्या साधनांतही ब्रँडप्रमाणे कोड बदलतो:

- पॅरागार्ड (तांब्याची): जे७३००
- मिरेना (लेव्होनॉरजेस्ट्रेल ५२ मिग्रॅ): जे७२९८
- लिलेटा (तीही ५२ मिग्रॅ): जे७२९७
- कायलीना (१९.५ मिग्रॅ): जे७२९६
- स्कायला (१३.५ मिग्रॅ): जे७३०१
- नेक्सप्लॅनॉन (दंडात बसवायचं एटोनोजेस्ट्रेलचं इम्प्लांट): जे७३०७

मिरेना आणि लिलेटामध्ये औषध तेच आणि मात्राही तीच, त्यामुळे घोळ सर्वात जास्त इथेच होतो. २०१५ अखेरपर्यंत दोघींना जे७३०२ हा एकच कोड होता. १ जानेवारी २०१६पासून तो बंद होऊन दोन कोड झाले. नोटमध्ये 'एलएनजी आययूडी ५२ मिग्रॅ' (एलएनजी म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल) एवढंच लिहिलेलं असेल तर अंदाज करू नका. साठ्याच्या वहीतला लॉट नंबर बघा किंवा डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा.

युनिट नेहमी १. नवखे कोडर ५२ मिग्रॅ पाहून ५२ युनिट टाकतात, कारण इतर इंजेक्शनच्या जे-कोडमध्ये मात्रेप्रमाणे युनिट मोजायची सवय लागलेली असते. इथे कोडचं वर्णनच संपूर्ण साधनाचं आहे.

प्रक्रियेचे कोड

आययूडी बसवणं ५८३००, काढणं ५८३०१. इम्प्लांट बसवणं ११९८१, काढणं ११९८२, आणि एकाच भेटीत जुनं काढून नवं बसवणं ११९८३. इथे एक विसंगती लक्षात ठेवा. इम्प्लांटला काढून-बसवण्यासाठी एकच जोडकोड आहे, आययूडीला तो नाही. आययूडी बदलली तर ५८३०१ आणि ५८३०० हे दोन्ही कोड द्यायचे आणि कमी मूल्याच्या ५८३००वर ५१ मॉडिफायर (एकाच भेटीत अनेक प्रक्रिया) लावायचा. काही पेअर (पैसे देणाऱ्या विमा कंपन्या किंवा योजना) ५१ ऐवजी ५९ (वेगळी प्रक्रिया) मागतात, काहींना दोन्ही नको असतात. पेअरनिहाय एक तक्ता करून ठेवा.

११९७६ हा कोड अजून पुस्तकात आहे: गर्भनिरोधक कॅप्सूल काढणं. तो नॉरप्लांट या जुन्या इम्प्लांटच्या काळातला, म्हणजे दंडातल्या सहा कॅप्सूलसाठीचा. त्याचे सोबती ११९७५ आणि ११९७७ हे २०१२मध्येच बंद झाले. नेक्सप्लॅनॉन काढलं तर कोड ११९८२, मात्र एखाद्या राज्याच्या मेडिकेडने लेखी ११९७६ मागितला असेल तर त्यांचंच ऐका.

११९८१बद्दल आणखी एक बारकावा. तो फक्त गर्भनिरोधनाचा कोड नाही, इतर औषधी इम्प्लांटसाठीही वापरला जातो. पेअरच्या संगणकाला ही प्रतिबंधात्मक सेवा आहे हे निदानाच्या आणि जे७३०७च्या ओळीवरूनच कळतं. निदान चुकलं की पेशंटवर डिडक्टिबल (विम्याचे पैसे सुरू होण्याआधी तिने स्वतः भरायची रक्कम) पडलाच म्हणून समजा.

निदान

आययूडीसाठी आयसीडी-१०-सीएमने, म्हणजे निदानाच्या कोडच्या यादीने, सोय चांगली केली आहे. बसवण्यासाठी झेड३०.४३०, नेहमीच्या तपासणीसाठी झेड३०.४३१, काढण्यासाठी झेड३०.४३२ आणि काढून पुन्हा बसवण्यासाठी झेड३०.४३३. बदलण्याच्या भेटीत ४३० आणि ४३२ जोडीने देऊ नका, ४३३ त्यासाठीच आहे.

इम्प्लांटला 'बसवणं' असा स्वतंत्र झेड-कोड शोधत बसू नका. पहिल्यांदा बसवताना झेड३०.०१७, आणि तपासणी, काढणं किंवा पुन्हा बसवणं यांपैकी काहीही असलं तरी झेड३०.४६.

झेड३०.०१४ म्हणजे आययूडीचा निर्णय झाला, पण बसवणं आज नाही. बसवण्याच्या दिवशी तो झेड३०.४३०सोबत चालत नाही. झेड९७.५ म्हणजे साधन शरीरात आहे एवढंच सांगणं. पेशंट खोकल्यासाठी आली आणि तिला आययूडी आहे, तर तो कोड ठीक. साधनाची तपासणी किंवा काढणं हेच भेटीचं कारण असेल तर नाही.

मिरेना अतिरक्तस्रावासाठीही एफडीएमान्य आहे. नोटमध्ये कारण फक्त रक्तस्राव असेल तर पहिलं निदान एन९२.०, आणि मग अनेक प्लॅन हे प्रतिबंधात्मक न मानता उपचार मानतात. पेशंटच्या खिशाला झळ बसते. डॉक्टरांनी दोन्ही हेतू लिहिले असतील तर दोन्ही कोड द्या, पण एकच लिहिलं असताना दुसरं आपल्या मनाने जोडू नका. पेशंटचे पैसे वाचावेत ही भावना चांगली असली तरी ऑडिटरला फक्त नोट दिसते.

नोटमध्ये काय असायला हवं

गर्भधारणा नाही याची खात्री कशी केली, संमती, गर्भाशयाची खोली किती मोजली, साधनाचं नाव, लॉट आणि मुदत, धागे किती लांब ठेवून कापले, पेशंटला त्रास झाला का. इम्प्लांट असेल तर कोणत्या दंडात बसवलं आणि बसवल्यावर ते हाताला लागलं का. यातलं साधनाचं नाव नसेल तर क्लेम थांबवा, बाकी उणिवा क्वेरीने भरून काढता येतात.

लघवीतून गर्भचाचणी क्लिनिकमध्येच केली तर ८१०२५, आणि निकाल नकारार्थी असेल तर झेड३२.०२. क्लिया या प्रयोगशाळांच्या नियमांमधून सूट मिळालेल्या बऱ्याच चाचण्यांना क्यूडब्ल्यू मॉडिफायर लागतो, ८१०२५ला लागत नाही. जुलै २०२२च्या केंद्रीय खुलाशात, आययूडीआधी करावी लागणारी गर्भचाचणी ही त्या सेवेचाच भाग मानून तिचेही पैसे पेशंटकडून घेऊ नयेत, असं स्पष्ट केलं आहे. चाचणीची ओळ पेशंटवर टाकली गेली तर हा मुद्दा मांडा.

बसवताना डॉक्टरांनीच दिलेली स्थानिक भूल वेगळी बिल होत नाही. ६४४३५ची (गर्भाशयाच्या तोंडाजवळच्या भुलीची) ओळ जोडली की बहुतेक वेळा सीओ-९७ हा नकाराचा कोड (दुसऱ्या सेवेतच धरलेलं) घेऊन परत येते.

त्याच दिवशी व्हिजिट बिल करायची का

याचं उत्तर नोट वाचल्यावरच मिळतं. पेशंट आधीच ठरवून आली, संमती दिली, साधन बसलं, घरी गेली. यात व्हिजिटचा, म्हणजे डॉक्टरांच्या तपासणी-सल्ल्याचा, वेगळा कोड नाही. प्रक्रियेआधीची दोन मिनिटांची चौकशी ५८३००मध्येच धरलेली आहे.

पण पेशंट गर्भनिरोधनाचा सल्ला घ्यायला आली, डॉक्टरांनी पर्याय समजावले, तिच्या मायग्रेनमुळे इस्ट्रोजेन टाळायचं ठरलं, आणि मग त्याच दिवशी आययूडी बसवली, तर ९९२०२ ते ९९२१५मधला योग्य कोड २५ मॉडिफायरसह (प्रक्रियेपेक्षा वेगळी व्हिजिट) देता येतो. निदानात झेड३०.०९ द्या, आणि मायग्रेनचा विचार नोटमध्ये असेल तर त्याचाही कोड. वेळेवरून व्हिजिटची पातळी ठरवत असाल तर साधन बसवण्यात गेलेली मिनिटं वजा करा. हे नोटमध्ये लिहिलेलं नसेल तर वैद्यकीय निर्णयाच्या गुंतागुंतीवरून पातळी ठरवणं सुरक्षित. वार्षिक तपासणीत साधन बसवलं तर प्रतिबंधात्मक व्हिजिटच्या कोडवरही २५ हवाच.

बसवताना बसलंच नाही तर

या क्लेममधला सर्वात अवघड भाग हा, आणि पैसे सर्वाधिक इथेच सांडतात. आधी वेगळं करा: काम अर्धवट झालं, की थांबवावं लागलं?

ग्रीवा (गर्भाशयाचं तोंड) अरुंद असल्यामुळे साधन आत जाऊ शकलं नाही, तर ५८३००-५२ (अर्धवट काम) आणि सोबत एन८८.२. पेशंटला चक्कर आली, नाडी मंदावली, तिच्या सुरक्षेसाठी डॉक्टर थांबले, तर ५८३००-५३ (थांबवलेलं काम). काही पेअर या दोन मॉडिफायरचा अर्थ वेगळा लावतात, म्हणून नोटमधलं थांबण्याचं कारण शब्दशः बघा आणि पेअरचं धोरण शेजारी ठेवा. साधनाचं पॅकेट फोडण्याआधीच पेशंटने नको म्हटलं, तर ५८३०० अजिबात नाही. झालेली व्हिजिट असेल तर ती द्या आणि झेड५३.२-मधला योग्य कोड जोडा.

साधन बसलं, पण पेशंट उठताच बाहेर आलं आणि डॉक्टरांनी त्याच भेटीत दुसरं बसवलं, तर ५८३०० आणि ५८३००-७६ (तीच प्रक्रिया पुन्हा). ७६ विसरलात तर दुसरी ओळ सीओ-१८, म्हणजे डुप्लिकेट, ठरते.

आता वाया गेलेल्या साधनाचं काय? पॅकेट फुटलं, साधन हातातून पडलं, किंवा यंत्रणेत दोष निघाला. उत्पादकांकडे बदली साधन देण्याच्या व्यवस्था असतात. साधन फेकू नका, लॉट नंबर आणि घडलेला प्रकार लिहून लगेच कंपनीला कळवा. बदली साधन मिळालं तर वाया गेलेल्या साधनाचा जे-कोड बिल करायचा नाही. मिळालं नाही, तर काही पेअर नोट जोडल्यावर ते भरून देतात, पण त्यावर विसंबून राहू नका.

धागे सापडत नाहीत, इम्प्लांट हाताला लागत नाही

धागे दिसत नसतील तर निदान टी८३.३२एक्सए. या कोडच्या वर्णनातच सरकलेलं साधन आणि हरवलेले धागे दोन्ही येतात. साधन कुठे आहे हे शोधण्यासाठी केलेल्या सोनोग्राफीला ७६८३० (योनीमार्गे) किंवा ७६८५७ (पोटावरून, मर्यादित), जी केली असेल ती. प्रत्येक आययूडीनंतर नेमाने सोनोग्राफी बिल करणाऱ्या क्लिनिकवर ऑडिटरची नजर जाते, म्हणून तिचं कारण नोटमध्ये हवंच. हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीतून गर्भाशयाच्या आत पाहणं) करून रुतलेलं साधन काढलं तर ५८५६२, आणि मग ५८३०१ नाही.

खोल गेलेलं इम्प्लांट काढायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ आणि श्रम लागले तर ११९८२-२२. पण '२२' लावून नुसता क्लेम पाठवला तर जादा काही मिळत नाही. किती वेळ लागला, नेहमी किती लागतो आणि अडचण काय होती, हे नोटमध्ये असावं आणि नोट क्लेमसोबत जावी.

बाळंतपणानंतर

५९४०० या एकत्रित प्रसूती कोडमध्ये प्रसूतीनंतरची भेट धरलेली असते, पण आययूडी बसवणं धरलेलं नसतं. सहाव्या आठवड्यातल्या भेटीत साधन बसवलं तर ५८३०० आणि जे-कोड वेगळे द्या. भेटीची व्हिजिट मात्र वेगळी मिळत नाही.

रुग्णालयात प्रसूतीनंतर लगेच साधन बसवलं तर डॉक्टरांचा क्लेम जागेच्या कोड २१सह (रुग्णालयात दाखल पेशंट) ५८३००चा, आणि रुग्णालयाकडून आयसीडी-१०-पीसीएसचा (रुग्णालयातल्या प्रक्रियांच्या यादीचा) ०यूएच९७एचझेड. प्रश्न साधनाच्या पैशांचा असतो, कारण डीआरजीच्या, म्हणजे निदानानुसार रुग्णालयाला मिळणाऱ्या, ठोक रकमेत ते गडप होतं. साऊथ कॅरोलिनाच्या मेडिकेडने २०१२मध्ये ते वेगळं द्यायला सुरुवात केली आणि पुढे अनेक राज्यांनी तीच वाट धरली. तुमच्या राज्यात ते कोणत्या क्लेमवर टाकायचं, रुग्णालयाच्या की डॉक्टरांच्या, हे आधी ठरवून घ्या. दोघांनीही टाकलं तर दोन्ही अडकतात.

एनडीसी: शून्य कुठे घालायचं

खोक्यावर एनडीसी दहा अंकी असतो, क्लेमवर अकरा अंकी लागतो, ५-४-२ अशा मांडणीत. कमी पडलेलं शून्य नेहमी ज्या गटात अंक कमी आहे त्याच्या सुरुवातीला येतं. मिरेनाचा ५०४१९-४२३-०१ आहे, मधला गट तीन अंकी, म्हणून ५०४१९०४२३०१. लिलेटाचा ००२३-५८५८-०१, पहिला गट चार अंकी, म्हणून ०००२३५८५८०१. पॅरागार्डचा ५९३६५-५१२८-१, शेवटचा गट एकअंकी, म्हणून ५९३६५५१२८०१. सरसकट सुरुवातीला शून्य लावणारे तिन्हींपैकी दोन क्लेम चुकवतात. आणि खोकं हातात असेल तर त्यावरचाच नंबर घ्या, मागच्या महिन्याच्या टेम्प्लेटमधला नको. वितरक बदलला की नंबर बदलतो.

सीएमएस-१५०० या कागदी क्लेम फॉर्मवर हा नंबर २४व्या रकान्याच्या वरच्या रंगीत पट्टीत जातो: एन४ (एनडीसीची खूण), लगेच अकरा अंक, मग यूएन१ (एक युनिट). इलेक्ट्रॉनिक क्लेमच्या ८३७पी फाइलमध्ये २४१० लूप, एलआयएन सेगमेंटमध्ये नंबर आणि सीटीपीमध्ये प्रमाण. मेडिकेडच्या क्लेमवर २४एच रकान्यात कुटुंब नियोजनाची खूण विसरू नका, बऱ्याच राज्यांत एफपी मॉडिफायरही लागतो. खासगी विम्यात प्रतिबंधात्मक सेवा दाखवण्यासाठी काही पेअर ३३ मॉडिफायर मागतात. प्रत्येक ओळीचा निदान-पॉइंटर (ओळ कोणत्या निदानाशी जोडली ते दाखवणारी खूण) तपासा. साधनाची ओळ चुकून गर्भचाचणीच्या निदानाकडे बोट दाखवत असते.

मेडिकेअरबद्दल (ज्येष्ठ आणि अपंगांसाठीचा केंद्रीय विमा) थोडक्यात: त्यांच्या दरपत्रकात ५८३०० 'एन', म्हणजे कव्हर नसलेला, असा आहे. अपंगत्वामुळे मेडिकेअर मिळालेल्या तरुण पेशंट येतात तेव्हा त्यांच्याकडे मेडिकेडही आहे का, हे आधी पाहा.

डिनायल आल्यावर

सीओ-१६सोबत एम११९ म्हणजे एनडीसीत चूक, दुरुस्त क्लेम पाठवा, अपील नको. सीओ-११ म्हणजे निदान आणि प्रक्रिया जुळत नाहीत, बहुधा झेड३०.४३१ आणि ५८३०० एकत्र गेलेले असतात. सीओ-१९७ म्हणजे ऑथोरायझेशन नव्हतं. तो फोन आणि संदर्भ क्रमांक आता बाहेर काढा. व्हिजिटवर सीओ-९७ आलं तर आधी २५ होता का पाहा. असूनही नाकारलं तर नोट जोडून अपील करा.

सर्वात फसवं उत्तर पीआर-१, पीआर-२ किंवा पीआर-३, म्हणजे रक्कम पेशंटच्या वाट्याला टाकणारे कोड. ते डिनायल दिसतच नाही. पैसे पोस्ट करणारा माणूस उरलेली रक्कम पेशंटवर टाकतो आणि बिल तिच्या घरी जातं. आययूडी किंवा इम्प्लांटच्या क्लेमवर पीआर दिसलं की बिल थांबवा, प्लॅन सूट घेतलेला आहे का ते तपासा. नसेल तर पब्लिक हेल्थ सर्व्हिस अॅक्टच्या कलम २७१३चा (पेशंटकडून पैसे न घेण्याच्या नियमाचा) उल्लेख करून फेरप्रक्रिया मागा. तरीही न ऐकल्यास मालकाने स्वतःच्या निधीतून चालवलेल्या खासगी प्लॅनची तक्रार केंद्रीय कामगार खात्याकडे, आणि विमा कंपनीने विकलेल्या प्लॅनची राज्याच्या विमा खात्याकडे जाते.

दर आठवड्याला साठ्याची वही, कपाटातली खोकी आणि जे-कोडच्या पाठवलेल्या ओळी एकमेकांशी ताडून पाहा. एखादं खोकं कपाटात नाही, वहीत वापरलेलं आहे आणि क्लेममध्ये त्याची ओळ नाही, तर ती ओळ क्लेम पाठवण्याची मुदत संपण्याआधी सापडली पाहिजे.